उभ्यानं घेतलेलं बीपी

‘वय अधिक शंभर’ हा हिशेब आमच्या आजोबांच्या पिढीनं बिनतक्रार मानला. साठीच्या माणसाचं वरचं बीपी १६०, सत्तरीच्या माणसाचं १७०, म्हणजे सगळं जिथल्या तिथं. उतारवयात केस पिकायचे, गुडघे बोलायला लागायचे, तसं बीपीही वाढायचं. त्यावर गोळ्या कशाला खायच्या? आणि हे काही नुसतं पारावरचं शहाणपण नव्हतं. खुद्द डॉक्टरांचीही समजूत अशीच होती की जुन्या, अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढं ढकलायला दाब जास्तच लागतो. तो औषधानं उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडेल, ही भीती.

या समजुतीची आठवण निघाली की मला अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आठवतात. १९४४ च्या मार्चमध्ये हॉवर्ड ब्रून नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञानं त्यांना तपासलं तेव्हा बीपी होतं १८६/१०८. हृदय थकलेलं. तरी त्यांचे खासगी डॉक्टर अ‍ॅडमिरल मॅकिन्टायर लोकांना सांगत राहिले की अध्यक्षांची तब्येत वयाच्या मानानं उत्तम आहे. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट डोकं भयंकर दुखतंय म्हणाले आणि खुर्चीतच कोसळले, त्यातच गेले. त्या वेळी मोजलेलं बीपी ३००/१९०. वय अवघं ६३. अर्थात उपचार करायचे म्हटले तरी तेव्हा हातात होतं काय? मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेचं औषध घ्या. संपलं.

म्हातारपणी बीपी का वाढतं, याचं उत्तर मला कळलं ते असं. तरुणपणी हृदयातून निघणारी मोठी रोहिणी लवचिक असते. ठोका पडला की फुगते, ठोका सरला की पुन्हा आवळते आणि रक्ताला पुढं सरकवते. वय वाढलं की ती वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या बागेतल्या रबरी नळीसारखी कडक होते. फुगायला जागा नाही, म्हणून ठोक्याच्या वेळचा दाब, म्हणजे वरचं बीपी, चढतं. पुन्हा आवळायची ताकद नाही, म्हणून दोन ठोक्यांमधला दाब, म्हणजे खालचं बीपी, पन्नाशी-साठीनंतर उतरायला लागतं. त्यामुळे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांचे आकडे १६५/७० असे विचित्र दिसतात. पूर्वी लोक त्यातलं ७० बघून निर्धास्त व्हायचे. धोका १६५ मध्ये होता.

हे सिद्ध व्हायला १९९१ साल उजाडलं. साठीपुढच्या, फक्त वरचंच बीपी चढलेल्या माणसांना क्लोरथॅलिडोन ही साधी, स्वस्त लघवीची गोळी देऊन बघितली तर पक्षाघाताचे झटके एक तृतीयांशाहून जास्त कमी झाले. तरी ऐंशीच्या पुढच्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच. त्याचं उत्तर २००८ मध्ये ‘हायव्हेट’ अभ्यासातून आलं. ऐंशी ओलांडलेली जवळजवळ चार हजार माणसं, उद्दिष्ट १५०/८०. गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूच इतके कमी दिसले की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. ‘आता या वयात कशाला गोळ्या?’ हा प्रश्न त्यानंतर खरं तर संपायला हवा होता. आमच्या नातेवाइकांत तो अजून जोरात आहे.

आमचे अण्णा ८३ वर्षांचे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, सातारच्या घरी आईबरोबर राहतात. कुठली गाडी किती वाजता सुटली हे वहीत मांडण्यात आयुष्य गेल्यामुळे बीपीचे आकडेही ते तसेच मांडतात. कालनिर्णयच्या तारखांच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाखाली बारीक अक्षरात सकाळचं आणि संध्याकाळचं. रविवारी न्यू जर्सीहून दादाचा व्हिडिओ कॉल आला की कॅमेरा आधी भिंतीवर जातो, मग माणसांवर.

गेल्या पावसाळ्यात अण्णा पहाटे बाथरूमच्या दाराशी पडले. हाड मोडलं नाही, कपाळाला खोक पडली. घरात एकच निष्कर्ष निघाला: बीपी वाढलं असणार. दादानं तिकडून फर्मान काढलं, गोळीचा डोस वाढवून घ्या. कालनिर्णयवर त्या आठवड्यात १५०, १४८, १५४ असेच आकडे होते, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मात्र गोळी वाढवली नाही. त्यांनी अण्णांना टेबलावर पाच मिनिटं शांत झोपवलं आणि बीपी घेतलं: १५२. मग उभं केलं. अण्णा एका हातानं टेबलाची कड धरून, दुसरा हात पट्ट्यात अडकवून उभे. बाई घड्याळाकडे बघतायत. एका मिनिटाला १२६. ‘गरगरतंय का?’ ‘छे, छे.’ पण बोटं टेबलावर घट्ट झालेली मला दिसत होती. तिसऱ्या मिनिटाला ११८. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं उतरलं तर ते धोक्याचं धरतात. अण्णांचं ३४ नं उतरलं होतं. म्हणजे भिंतीवरचे ते नीटनेटके आकडे सगळे खरे होते, फक्त खुर्चीत बसलेल्या अण्णांचे होते. पडले ते उभे असलेले अण्णा.

‘गोळ्या कुठल्या कुठल्या चालू आहेत?’ बाईंनी विचारलं. आईनं पिशवीतून श्रीखंडाचा डबा काढला. बाईंनी तो सरळ टेबलावर पालथा केला आणि पाकिटं निवडायला बसल्या.

पहिला ढीग नेहमीच्या डॉक्टरांचा: बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन १०. ती चांगली गोळी, पण मोठ्या डोसला बऱ्याच जणांचे पाय सुजतात. अण्णांचे सुजले. तेव्हा कुणा दुसऱ्याच डॉक्टरांनी सुजेसाठी लघवीची गोळी लिहून दिली. ही सूज अंगात पाणी साठल्याची नव्हे. गोळीमुळे बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाझरतात, त्याची. तिच्यावर लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग नसतो. अण्णा ती रात्रीच्या जेवणानंतर घ्यायचे, म्हणजे रात्रीतून दोनदा-तीनदा उठणं आलं. दुसरा ढीग प्रोस्टेटच्या सर्जनचा, झोपताना घ्यायची गोळी. ती लघवीची वाट मोकळी करते आणि जाता जाता उभ्याचं बीपीही पाडते. तिसऱ्या ढिगात गुडघ्यासाठी अण्णांनी स्वतःच मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी. ती बीपी चढवते, अंगात पाणी धरून ठेवते आणि मूत्रपिंडाला त्रास देते तो वेगळाच.

तीन डॉक्टरांच्या आणि अण्णांनी स्वतः आणलेल्या गोळ्या एका डब्यात नांदत होत्या आणि तिन्ही डॉक्टरांनी आपापल्या परीनं बरोबरच लिहिलं होतं. एक गोळी बीपी चढवत होती, दुसरी उतरवत होती, तिसरी अण्णांना पहाटे अंथरुणातून उठवत होती. डबा पालथा करायचं काम मात्र कुणाचंच नव्हतं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचा बीपीचा घोळ बहुतेक वेळा आजारापेक्षा या अशा डब्यात असतो, असं माझं ठाम मत झालंय.

बाईंनी सुजेची गोळी बंद केली, अ‍ॅम्लोडिपिन निम्म्यावर आणून जोडीला सकाळी टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम. सर्जनना फोन करून प्रोस्टेटची गोळीही बदलून घेतली. पंधरा दिवसांनी रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासायला सांगितलं, कारण टेल्मिसार्टन सुरू केली की ते बघावंच लागतं. (हे सगळं अण्णांसाठी होतं. आपापल्या डब्याचा निकाल आपापल्या डॉक्टरांकडेच लावावा. बीपीची गोळी मनानं तोडणं हा तर सरळ जुगार आहे.) शिवाय उठायची एक रीत घालून दिली. आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, उशाचं पाणी प्यायचं, मग उभं राहायचं. अण्णा म्हणाले, ‘म्हणजे गाडी सुटायच्या आधी बेल द्यायची.’ रीत त्यांना तेव्हा पटली.

दादाला मात्र पटलं नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अमेरिकेत २०१७ पासून उद्दिष्ट १३०/८० आहे आणि इथली डॉक्टर १४० च्या आसपास समाधानी आहे, म्हणजे हा मागासलेपणा. दादाचा आकडा खोटा नव्हता. २०१५ मध्ये ‘स्प्रिंट’ नावाच्या मोठ्या अभ्यासात नऊ हजारांवर माणसांत वरचं बीपी १२० च्या खाली ठेवणं आणि १४० च्या खाली ठेवणं यांची तुलना झाली. १२० वाल्यांना हृदयविकार कमी झाला, मृत्यूही कमी झाले. पंच्याहत्तरीपुढच्यांतही हाच फायदा दिसला. हे वाचून मीही क्षणभर डळमळले. पण त्या अभ्यासात कुणाला घेतलं नव्हतं ते बघण्यासारखं आहे. मधुमेह असलेले नाहीत, आधी पक्षाघात झालेले नाहीत, वृद्धाश्रमात राहणारे नाहीत, आणि उभ्यानं मोजलेलं बीपी ११० च्या खाली जाणारेही नाहीत. शिवाय त्यात बीपी मोजलं गेलं ते पाच मिनिटं शांत बसवून, यंत्रानं, लागोपाठ तीनदा. नंबर येईपर्यंत तासभर बाकावर बसून, खोलीत शिरता शिरता सदऱ्याची बाही वर सरकवून घेतलेल्या बीपीशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. आणि १२० च्या गटात बीपी नको इतकं उतरणं, बेशुद्ध पडणं, मूत्रपिंडाला इजा होणं हे प्रकार जास्त झाले, हेही त्याच अहवालात लिहिलंय.

म्हणून ऐंशीच्या पुढं आकडा कुठला गाठायचा यापेक्षा तो गाठून माणूस बाथरूमपर्यंत जाऊन परत येतो का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऐंशीतला जो माणूस रोज अजिंक्यताऱ्याची चढण चढतो त्याचं १३० पर्यंत आणायला हरकत नसावी. जो काठीशिवाय अंगणात जात नाही, चार औषधं घेतो, वजन उतरलंय, त्याच्या मागे त्याच आकड्याचा तगादा लावला तर पक्षाघात टळेल आणि खुब्याचं हाड मोडेल. खुबा मोडलेली म्हातारी माणसं पुढं कशी अंथरुणाला खिळतात, हे प्रत्येक घरानं पाहिलंय.

या गोळ्यांच्या इतिहासात आपल्या मुंबईचं एक सोनेरी पान आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. सर्पगंधा ही सह्याद्रीतही सापडणारी वनस्पती. वैद्य तिचं मूळ पूर्वापार वापरत आले. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर वापर करून १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात निबंध लिहिला, आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तीन वर्षांत तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आमच्या आजीच्या काळात ‘बीपीची गोळी’ म्हणजे अ‍ॅडेल्फेन, तिच्यात हेच रेसरपिन. बीपी उतरायचं, पण काही माणसं त्या गोळीनं उदास व्हायची, म्हणून पुढं ती मागं पडली. रूझवेल्टना जे मिळालं नाही ते त्यानंतर काही वर्षांतच आजीच्या उशाशी येऊन बसलं होतं.

आणि आता तर गावातल्या काकांना आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्या फुकट मिळतात. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. बरोबर सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, ठरलेल्या पायऱ्यांनी. काकांची तक्रार एकच: ‘फुकटची गोळी म्हंजे पॉवर कमीच असणार.’ त्यांचं बीपी १३६ आहे. पटवून देणं अशक्य आहे.

मिठाचं प्रकरण घरात सगळ्यात चिघळलेलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चमचाही भरत नाही. अण्णांच्या ताटात डावीकडे चिमूटभर मीठ, त्याच्याशेजारी लिंबाचं लोणचं, वर तळलेली सांडगी मिरची, संध्याकाळी चहाबरोबर फरसाण. आईनं आमटीतलं मीठ कमी केलं तर अण्णांनी डावीकडची चिमूट मोठी केली. मग सैंधव आलं. सैंधव नैसर्गिक असेल, खडा गुलाबी दिसत असेल, पण ते बहुतांशी तेच सोडियम क्लोराइड. बीपीला त्याचा रंग कळत नाही. पोटॅशियमवाल्या ‘लो सोडियम’ मिठानं पक्षाघात कमी होतात असं चीनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलंय, पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ते विचारल्याशिवाय घरात आणायचं नाही. शेवटी तह झाला तो असा की आमटी-भाजीला बेतानं मीठ राहील, ताटातली चिमूट आणि पापड-फरसाण जाईल. लोणच्याची एक फोड वाचली.

पण मीठ अगदीच तोडलं की काय होतं तेही शेजारीच बघितलंय. पलीकडच्या काकू सत्तरीच्या पुढच्या. लघवीची गोळी चालू, मे महिन्याचा उन्हाळा, भूक मेलेली, त्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून सगळं अळणी. एका दुपारी त्या नातीला स्वतःच्या गेलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारायला लागल्या. घरच्यांनी धरून चाललं की म्हातारचळ लागला. दोन दिवसांनी रक्त तपासलं तर सोडियम, जे १३५ ते १४५ च्या मधे असायला हवं, ते कितीतरी खाली घसरलेलं. ते हळूहळू भरून काढल्यावर काकू पूर्वीसारख्या भांडायला लागल्या. म्हाताऱ्या माणसाचं वागणं चार दिवसांत बदललं तर आधी रक्त तपासावं, स्वभावाला नावं नंतर ठेवावीत.

आईचं उलटंच. तिचं बीपी दवाखान्यात १७०, घरी १३४. पांढरा कोट दिसला की चढतं. घरच्या यंत्रानं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून दाखवलं तेव्हा गोळीचा विषय थांबला. मात्र घरी मोजणं म्हणजेही एक शिस्त आहे आणि आईशी ती पाळून घेणं कठीण. लघवीला जाऊन यायचं, चहा होऊन अर्धा तास गेलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकावर एक टाकलेले नाहीत, उघडा दंड छातीच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा. आणि बोलायचं नाही. यंत्र गुरगुरायला लागलं की नेमकी तिला वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीत ओले कपडे कसे टाकले ते आठवतं. सांगून संपेपर्यंत आठ-दहा अंक वाढलेले असतात.

सध्या घरात वाद आहे तो वारीचा. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदचा मुक्काम उठला की चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण होतं. ते अण्णांनी नोकरीत असल्यापासून चुकवलेलं नाही, वारीच्या जादा गाड्यांची ड्यूटी मागून घ्यायचे. यंदाही जायचंय. डॉक्टरबाई नको म्हणाल्या नाहीत. एका जागी फार वेळ निश्चल उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, म्हणून पावलं हलवत राहायची, दर तासाला पाणी, सकाळचा नाश्ता टाळायचा नाही, उन्हात जेवून लगेच उठायचं नाही, कारण भरल्या पोटीही या वयात बीपी पडतं. आणि एकादशीला उपास म्हणून गोळी सोडायची नाही. अण्णा दर एकादशीला ‘रिकाम्या पोटी कशाला’ म्हणून ती टाळत, हे कालनिर्णयवरच्या दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांवरून बाईंनीच हुडकून काढलं.

शेवटची अट घडीच्या स्टुलाची. अण्णांचं म्हणणं, उभं रिंगण कुणी बसून बघतं का? दादाचं म्हणणं, स्टूल आणि यंत्र दोन्ही न्या. बरीच ओढाताण होऊन यंत्र घरी ठेवायचं आणि स्टूल न्यायचं ठरलंय. ते उचलायचं कुणी, यावर अजून निकाल नाही. अण्णा माझ्याकडे बघतायत, आणि आई म्हणतेय, ज्याला बसायचंय त्यानं उचलावं.